ग्रेहाउंड लंगडतो तेव्हा

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियात शर्यतीतून निवृत्त झालेले ग्रेहाउंड अनेक घरांत पाळले जातात. शर्यतीत ते घड्याळाच्या उलट दिशेने धावतात. डावीकडच्या वळणांवर उजव्या मागच्या पायाच्या घोट्यावर ताण येतो आणि तिथलं छोटं हाड मोडू शकतं. पण वयस्क ग्रेहाउंड लंगडू लागला, तर जुनी दुखापत समजून एक्स-रे टाळू नका. या जातीत पायाच्या हाडाचा कर्करोग बराच आढळतो, आणि सुरुवातीला तो साध्या मुरगळण्यासारखाच वाटतो.

आता औषधांविषयी. माणसांसाठीची आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं कुत्र्याला स्वतःहून कधीही देऊ नका. पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पशुवैद्य बहुधा मेलॉक्सिकॅम किंवा कारप्रोफेन देतात, मात्रा वजनावरून ठरवतात. ही औषधं अन्नासोबत द्यावीत, स्टेरॉइडबरोबर नकोत. उलटी झाली, खाणं सुटलं, डांबरासारखी काळी शी दिसली, तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करा. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाने काही कुत्री सुस्तावतात, काही उलट अस्वस्थ होऊन धापा टाकतात, कण्हतात. दुखणं वाढलं असं समजून परस्पर मात्रा वाढवणं फार धोक्याचं.

ग्रेहाउंडच्या अंगावर चरबी कमी, कातडी पातळ. जाड गादी हवीच, आणि बँडेजखालची त्वचा सोलवटत नाही ना, हे पाहायला हवं. त्याचं यकृत काही भूलऔषधांचा निचरा फार सावकाश करतं. थायोपेंटल या भूलऔषधानंतर तो बराच काळ शुद्धीवर येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधी जात आणि चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना आवर्जून सांगा.