पाडव्याला पेरा, शाळा सुरू होईपर्यंत खा
(रौप्यमहोत्सवी मेळाव्यातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



मला विषय दिलाय ‘वसंत ऋतू आणि घरची बाग’. विषय छान आहे, पण एक गोष्ट आधीच सांगते. पुस्तकातला वसंत आपल्या दुधनीत फार दिवस टिकत नाही. होळी पेटली की ऊन वाढायला लागतं, आणि पाडव्याच्या गुढीला कडुनिंबाची डहाळी बांधेपर्यंत दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून पुण्या-मुंबईच्या मासिकांत मार्चमध्ये लावायला सांगितलेली झाडं आपल्याकडे लावून उपयोग नाही.

हे मी अनुभवानं सांगते. शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी उत्साहानं इथल्या नऊ मुलांना गोळा केलं आणि मार्चमध्ये गच्चीवर कुंड्यांत टोमॅटो आणि शेवंती लावली. एप्रिल संपायच्या आत सगळं करपलं. त्यातला एक मुलगा रोज सकाळी उठून पाणी घालायचा. शेवटच्या दिवशी त्यानं विचारलं, “बाई, मी कमी पाणी घातलं का?” चूक त्याची नव्हती, माझी होती. चुकीच्या वेळी चुकीचं झाड मी दिलं होतं. पुढच्या वर्षी बोलावलं तर तो आलाच नाही. म्हणून आज फक्त उन्हात टिकणारंच सांगणार आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. टँकरचं पाणी झाडांना घालायचं नाही, अशी सूचना मागच्या उन्हाळ्यात फलकावर लागली होती. त्यावरून जिन्यात बोलाचालीही झाली, मीही बोलले. सूचना बरोबर होती, हे आज सर्वांसमोर मान्य करते. पण घरात भाजी, डाळ, तांदूळ धुतो ते पाणी कुठं जातं? मी आठ दिवस बादलीत साठवून मोजलं. आम्ही दोघंच माणसं, तरी रोज तीन तांबे निघतात. पाच माणसांच्या घरात बादलीचा तळ सहज भरेल. दोन डबे जगवायला तेवढं पुरतं. साबणाचं पाणी मात्र पालेभाजीला नको.

आता डबे. पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा सर्वांत उत्तम. खाली चार-पाच भोकं पाडायची, कडा ठोकून घ्यायच्या म्हणजे मुलांचा हात कापत नाही. तांदळाचं पोतंही चालतं. कीटकनाशकाचा डबा, कितीही धुतला तरी, नको म्हणजे नको. आपलं गाव बाजारपेठेचं, शेतीचे डबे घराघरांत सापडतात, म्हणून मुद्दाम सांगते. तसंच दुकानातलं गुलाबी-लाल रंग लावलेलं बी मुलांच्या हातात देऊ नका. तो रंग औषधाची खूण असते. स्वयंपाकघरातली मेथी, धणे, किंवा शेतावरून आलेलं साधं बी घ्या.

नुसती काळी माती डब्यात भरली तर पाणी घातल्यावर चिखल आणि वाळल्यावर भेगा. दोन घमेली माती, एक वाळू, एक कुजलेलं शेणखत असं मिसळा. ताजं शेण नको, त्यानं मुळं पोळतात आणि किडे होतात. वरून तुरीचा भुसा चार बोटं पसरा. आपल्याकडे तुरीला काय तोटा! भुशानं ओल टिकते. आणि वेल चढवायला तुराट्या आहेतच, बाजारातून काठ्या आणायची गरज नाही.

अगदी लहान मुलांसाठी मेथी. घटस्थापनेला आपण मातीत धान्य पेरतो, तशीच पसरट पाटीत मेथी पेरायची. दोन-तीन दिवसांत मोड वर येतात, दहा-बारा दिवसांत कात्रीनं कापून भाकरीबरोबर खाता येते. चार वर्षांच्या मुलाचा धीर तेवढाच असतो, त्याला भेंडीची वाट बघायला लावू नका. कोथिंबीर या दिवसांत रुसते. लावायचीच तर धणे चपलेनं रगडून दोन फाका करा आणि डबा सावलीत ठेवा.

अंबाडी, म्हणजे आपली पुंडी, उन्हाला घाबरत नाही. महिन्याभरात पाला खुडायला येतो. पुंडी पल्ल्या कशी करायची हे इथल्या अज्जींना मी सांगायला नको. नातवंडांना मात्र त्यांनीच शिकवावं, कानडीतून शिकवलं तर आणखी बरं.

मोठ्या मुलांना भेंडी आणि दोडका. भेंडीचं बी रात्रभर भिजवून पाडव्याला लावलं तर मेच्या मध्यापर्यंत पहिली भेंडी हाती येते. मग एक दिवसाआड तोडायची, राहिली की निबर होते. दोडक्याची, म्हणजे हिरेकाईची, गंमत वेगळी आहे. त्याचं पिवळं फूल संध्याकाळी उमलतं. नुसत्या देठावरचं ते नर फूल, आणि ज्याच्या मागे बोटाएवढा दोडका दिसतो ते मादी. गच्चीवर कीटक कमी येतात, मग फुलं गळतात आणि आपण म्हणतो वेल वांझ निघाला. संध्याकाळी मुलांनी नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला हलकेच लावायचे. चार दिवसांत दोडका फुगायला लागला तर जमलं. विज्ञानाच्या पुस्तकातला परागीभवनाचा धडा यापेक्षा चांगला कोण शिकवणार?

सगळ्यात महत्त्वाचं मडकं. पाझरणारं जुनं मडकं किंवा डेरा फेकू नका. तळाला भोक असेल तर सिमेंटनं बुजवा, मोठ्या पोत्यात किंवा अंगणात गळ्यापर्यंत पुरा आणि पाणी भरून तोंड झाका, नाहीतर डास होतील. पाणी मडक्यातून झिरपत मुळांपाशी जातं, वर उडून जात नाही. दोन-तीन दिवसांनी एकदा भरलं की झालं. लग्नकार्याला दोन दिवस बाहेरगावी गेलात तरी झाड जगतं. रंग दिलेलं गुळगुळीत मडकं मात्र पाझरत नाही, ते घेऊ नका. पश्चिमेच्या उन्हाला जुनी साडी बांधा. कुणी सोलापुरी चादर बांधायला निघालं तर थांबवा, पहिल्याच वावटळीत डब्यासकट खाली येईल!

कमिटीला एकच विनंती. गच्चीची पूर्वेकडची बाजू पाडव्यापासून जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत मुलांना द्यावी. टाकीचं पाणी तिथं जाणार नाही, याची जबाबदारी मी घेते. रोज संध्याकाळी मी वर असेन. डब्यांखाली विटा ठेवू, म्हणजे स्लॅबवर ओल राहणार नाही.

भेंडी, दोडका आणि पुंडीच्या पुड्या दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. एका घराला तीन. जुनी मडकी रविवारपर्यंत जिन्याखाली आणून ठेवा. आणि तो मुलगा, आता कॉलेजात आहे, मागच्या रांगेत बसलेला मला दिसतोय. त्याच्यासाठी दोडक्याची पुडी मी बाजूला काढून ठेवली आहे.