पालकाच्या पानातील विकर

पिकाचे वजन मातीतून मिळणाऱ्या द्रव्यांनीच वाढते, असा समज पुष्कळदा आढळतो. वस्तुतः वाळलेल्या पिकाच्या वजनात सुमारे ४० टक्के भाग कार्बनचा असतो व तो हवेतून येतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड बांधण्याचे कार्य हिरव्या पानांतील रुबिस्को नावाचे विकर, म्हणजेच एंझाइम, करते.

हे प्रथिन अमेरिकेत सॅम वाइल्डमन व जेम्स बॉनर यांनी १९४७ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे केले. त्याचे कार्य पुढील दशकात उलगडत गेले. ‘रुबिस्को’ हे सुटसुटीत नाव त्यास १९७९ मध्ये मिळाले.

आजही प्रयोगशाळांसाठी हे विकर पालकापासून काढले जाते. ताजी पाने थंड द्रावणात वाटून गाळतात, क्षाराच्या साहाय्याने प्रथिनाचा साका वेगळा करतात आणि त्याची भुकटी अतिशीत स्थितीत जपून ठेवतात. परीक्षानळीत मॅग्नेशियम व बायकार्बोनेट मिळाल्यावर हे विकर कार्यक्षम होते. मग किरणोत्सर्गी कार्बन-१४ च्या साहाय्याने त्याने किती कार्बन बांधला, हे मोजता येते.

अशा मोजणीतून या विकराचे दोन दोष स्पष्ट झाले. पहिला मंदपणाचा: त्याचे एक क्रियास्थान सेकंदाला कार्बन डायऑक्साइडचे केवळ तीनच्या आसपास रेणू बांधते. ही उणीव भरून काढण्यासाठी भात, गहू यांसारखी पिके त्याचा मोठा साठा बाळगतात. त्यांच्या पानांतील नत्राचा सुमारे चतुर्थांश भाग या एकाच प्रथिनात गुंतलेला असतो. शेतकऱ्याने मोल देऊन घातलेल्या नत्रखताचाही वाटा त्यात असतो.

दुसरा दोष असा की, कार्बन डायऑक्साइडऐवजी ते कधीकधी ऑक्सिजन पकडते आणि बांधलेल्या कार्बनचा काही अंश वाया जातो. उष्णता वाढली की हे नुकसानही वाढते. ज्वारी, बाजरी, मका व ऊस मात्र या विकराभोवती आधीच कार्बन डायऑक्साइड एकवटून हे नुकसान टाळतात.

नुकसान कमी करण्याचे प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेतील इलिनॉय येथे जनुके बदललेल्या तंबाखूच्या रोपांचे वजन शेतातील चाचण्यांत सुमारे ४० टक्क्यांनी अधिक भरल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि तंबाखूवरील यश म्हणजे भाताचे तयार बियाणे नव्हे, हा विवेक राखावयास हवा. तापत्या हवामानात उद्याचे अन्न बव्हंशी या मंद विकरावरच अवलंबून राहणार आहे. म्हणून पालकाच्या पानातून काढलेल्या चिमूटभर भुकटीवरील प्रयोगांचा संबंध थेट शेताच्या बांधापर्यंत पोहोचतो.