ब्रुकलिनच्या बाई



मला विषय दिला होता ‘ब्लॅक पँथर आणि आपण’. त्यावर बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत. काळी जाकिटं, बंदुका, वर गेलेल्या मुठी, सगळं तोंडपाठ. मी आज बालवाडीच्या एका बाईंवर बोलणार आहे. शर्ली चिझम. शिकवणारीला आपण बाईच म्हणतो, तेव्हा मीही बाईच म्हणणार.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याच साली या बाई अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागायला उभ्या राहिल्या आणि ब्लॅक पँथर पार्टीनं त्यांना जाहीर पाठिंबा दिला. दुसऱ्या कुणी असला पाठिंबा चिमट्यानं उचलून बाजूला ठेवला असता. बाईंनी ठेवला नाही. मग आपल्या भाषणांतून ही बाई गळाली कशी? बंदूक नव्हती म्हणून, का बाई होती म्हणून?

१९२४ चा जन्म, न्यू यॉर्कचं ब्रुकलिन. बाप गयानाचा, आई बार्बाडोसची. बाप कारखान्यात मजूर, आई शिवणकाम करायची, लोकांच्या घरची कामं करायची. पोरी सांभाळून पोट भरेना म्हणून पोरींना काही वर्षं बार्बाडोसला आजीकडं धाडलं. मोठ्या खासगी कॉलेजांनी बोलावलं होतं, पण राहण्याखाण्याचा खर्च कोण देणार? म्हणून घरून जाऊन येता येईल असं, बिनफीचं ब्रुकलिन कॉलेज. १९४६ ला बी. ए. त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि नोकरीवाल्या पोरांसाठी वर्ग सकाळचे ठेवले. पुढं दिवसा बालवाडीत काम आणि रात्री वर्ग असं करत बाईंनी एम. ए. केलं, तेही कोलंबियातून, बाबासाहेबांच्याच विद्यापीठातून. योगायोग आहे, मी त्याचं तोरण बांधत नाही. पण रात्रशाळेत डुलक्या काढत शिकलेले इथं बसलेत, त्यांना कळेल.

१९६५ ला बाई न्यू यॉर्क राज्याच्या विधानसभेत गेल्या. आता कान देऊन ऐका, कारण हे आपल्या कामाचं आहे. न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत तेव्हा पदवीला फी नव्हती. कागदावर दार सताड उघडं. आत मात्र काळी आणि पोर्तोरिकन पोरं शोधावी लागायची. का? प्रवेशाला शाळेतले मार्क. आणि शाळा कुठल्या? वस्तीतल्या. म्हणजे आधी सडकी शाळा द्यायची आणि मग म्हणायचं, यांच्यात मेरिट नाही. ओळखीचं वाटतंय ना?

बाई आणि इतर काळ्या नि पोर्तोरिकन आमदारांनी जोर लावला आणि १९६६ ला ‘सीक’ नावाच्या योजनेचा कायदा झाला. मार्क कमी असले तरी आत घ्या. कच्चं राहिलंय ते पक्कं करणारे वर्ग चालवा. अडलं तर विचारायला माणूस नेमा. आणि पुस्तकांना, वरखर्चाला हातात पैसे द्या. नुसतं आत घेऊन भागत नाही, हे बालवाडीत पोरांची नाकं पुसलेल्या बाईला कळलं होतं. ती योजना आजही चालू आहे.

आपल्याकडं मॅट्रिकनंतरची स्कॉलरशिप १९४४ पासून आहे, तीही बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात असतानाची. मी बी. ए. ला असताना ती आली, परीक्षा संपल्यावर. तोवर पुस्तकं आईच्या भांडी घासण्यावर. क्लार्क म्हणाला, ‘वरून आली नाही.’ वरून म्हणजे कुठून, हे मला अजून कळलेलं नाही. कायदा होता, पैसा कागदावर होता, आणि मी मित्राची वही उतरवून घेत बसलो होतो.

१९६८ ला बाई अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आल्या, पहिली काळी स्त्री. समोर कोण होतं? गोरा नव्हे, जेम्स फार्मर, नागरी हक्कांच्या लढ्यातला मोठा मोहरा. त्याच्या प्रचाराचा सूर असा की दिल्लीला, म्हणजे त्यांच्या वॉशिंग्टनला, मर्द पाठवा. बाई पोर्तोरिकन गल्ल्यांत स्पॅनिशमधून बोलल्या, बायकांची मतं गोळा केली आणि मर्दाला पाडलं. तिथं गेल्यावर समिती कुठली दिली? शेती. ब्रुकलिनमध्ये कुठली आलीय शेती! बाई गप बसल्या नाहीत, भांडून समिती बदलून घेतली. पुढं शिक्षण आणि कामगार समितीवर गेल्या.

१९७२ च्या लढतीत बहुतेक काळे पुढारी त्यांच्यामागं उभे राहिले नाहीत. अधिवेशनात पडली १५२ मतं. काळी म्हणून जेवढं सोसलं त्याहून जास्त बाई म्हणून सोसलं, हे त्या पुढं सांगत राहिल्या. आपल्या बैठकीत चहा कोण करतं, हे मी विचारत नाही. आज केला तो कुणी, ते तुम्ही बघितलंय.

एक गोष्ट मला पचत नाही, तीही सांगतो. वर्णद्वेषी जॉर्ज वॉलेसला त्याच साली गोळ्या लागल्या, तर बाई त्याला भेटायला दवाखान्यात गेल्या. मी गेलो नसतो. १९७४ ला घरकामगारांना किमान वेतन मिळावं म्हणून बाई झगडल्या, तेव्हा दक्षिणेतली मतं वळवायला वॉलेस उपयोगी पडला, असं सांगतात. कायदा झाला. तरीही मी गेलो नसतो. पण भांडी घासत होती माझी आई, मी नव्हे, तेव्हा माझ्या ‘नसतो’ला किती वजन द्यायचं ते तुम्ही ठरवा.

१९८३ ला काँग्रेस सोडून बाई परत शिकवायला गेल्या, माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजात. १ जानेवारी २००५ ला वारल्या.

हे भाषण काल रात्री मी आईला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, ‘त्या बाईनं पगाराचा कायदा केला, चांगलं केलं. आन् खाड्याचं काय? आजारी पडल्यावर पैसं कापायचं बंद झालं का तिकडं?’

मला सांगता आलं नाही.