केबिनची गोष्ट जरा बाजूला ठेवू

तर मंडळी, आजचा अल्बम: बोन इव्हेरचा 'फॉर एमा, फॉरएव्हर अगो'. 2007 मध्ये जस्टिन व्हर्ननने तो स्वतःच काढला, 2008 मध्ये जॅगजॅगुवार लेबलने परत आणला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. पण बहुतेक रिव्ह्यूंची सुरुवात तीच: अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची थंडी, वडिलांची केबिन, ब्रेकअप, एकटा माणूस. गोष्ट खरी आहे हो. पण तिच्या नादात गाणं मागे पडलं. या माणसाने आधी चाली गुणगुणल्या, त्यांत बसतील असे शब्द नंतर शोधले. मग प्रत्येक ओळीत ब्रेकअपचा पुरावा काय शोधायचा? आणि एकाच गळ्याचे थरांवर थर आहेत. एकटेपणासाठी गाजलेला अल्बम मला तरी कोरससारखा ऐकू येतो. हेडफोन लावा आणि आवाज किती आहेत ते मोजून बघा.