यंत्राची रात्र आणि आपली पहाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. घरात जे घडले तेवढेच सांगते.

माझ्या सासूबाईंच्या हृदयाचे ठोके फार मंदावले, म्हणून त्यांच्या छातीत कातडीखाली पेसमेकर बसविला. माणसाच्या अंगात असे यंत्र प्रथम १९५८ साली स्वीडनमध्ये बसविले; ते काही तासांतच बंद पडले. आताची यंत्रे वर्षानुवर्षे चालतात. यंत्र हृदयाकडे कान लावून असते. ठोका आपणहून पडला तर गप्प राहते. ठरल्या वेळात न पडला तर विजेचा अगदी बारीक धक्का देऊन तो पाडते. आमच्या कार्डावर मिनिटाला ६० ठोके लिहिले होते.

गेल्या कार्तिकात पहाटे चारला त्या काकड्याला निघाल्या आणि देवळाच्या पायरीवर मटकन बसल्या. मी नाडी मोजली, ती ५० भरली. यंत्र बिघडले या भयाने माझे हातपाय गळाले. दवाखान्यात डॉक्टरांनी छातीवर उपकरण धरून यंत्र तपासले. ते बिघडलेले नव्हतेच! रात्री दहा ते सकाळी सहा ५० ठोके पुरे, असे त्यात लावलेले होते. निजलेल्या माणसाचे हृदय संथ चालते, तशी ती सोय. पण यंत्राला घड्याळ कळते, काकडा कळत नाही. आत्याबाई चारला उठतात हे आम्ही सांगितलेच नव्हते. कसलीही चिरफाड न करता ती वेळ बदलून मिळाली.

दुसरे असे की, बाहेरच्या विजेची खळबळ यंत्राला हृदयाचा ठोका वाटली, तर ते चुकून गप्प बसू शकते. खळबळ चालूच राहिली, तर हृदयाची वाट न पाहता ठोके देत राहावे, असा बंदोबस्तही त्यात असतो. तरी त्यावर विसंबू नये. वेल्डिंगजवळ उभे राहू नये. मोबाईल चोळीत ठेवण्याची आपली सवय सोडावी; तो वीतभर दूर असावा.

तेव्हा भगिनींनो, घरी कोणाला पेसमेकर असेल तर त्याचा दिवसाचा व रात्रीचा वेग विचारून लिहून ठेवा. आपले उठणे, निजणे, कामधाम डॉक्टरांना सांगा. तपासणी चुकवू नका. आणि भोवळ आली, तर “रात्रीचा वेग असेल” म्हणून घरी बसू नका. तडक दवाखाना गाठा. यंत्र शहाणे खरे, पण आपल्या माणसाची ओळख आपणच त्याला करून द्यायची असते.