दात पडला, दूध आणा

व्यासपीठावरील मान्यवर, बालदंतवैद्य मंडळी आणि मागच्या ओळींत संकोचून बसलेल्या अंगणवाडी सेविका, शिक्षक बंधू-भगिनींनो, कोल्हापुरात आपलं मनापासून स्वागत.

दंतवैद्यांच्या परिषदेला स्वागताध्यक्ष म्हणून निवृत्त खेळाचा मास्तर कशाला, असं मी संयोजकांना विचारलं. ते म्हणाले, "सर, दात पडतो तेव्हा आम्ही नसतो, तुम्ही असता."

खरं आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी चौथीतला एक मुलगा खो-खोच्या खांबावर आपटला. वरचा पुढचा पक्का दात मुळासकट मातीत. मी तो उचलला, नळाखाली धरून खसाखसा घासला, चकचकीत केला आणि रुमालात बांधला. आई शेतावरून येऊन दवाखान्यात पोचेस्तोवर दिवेलागण झाली. डॉक्टरांनी रुमाल सोडला आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, मुळावरून तुम्ही घासून काढलीत ती घाण नव्हती." दाताला हाडाशी धरून ठेवणाऱ्या जिवंत पेशी होत्या त्या. उरल्यासुरल्या रुमालात वाळून गेल्या; कोरड्यात त्या तासभरही तग धरत नाहीत.

आंतरराष्ट्रीय दंत-आघात संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत हे सगळं आहे म्हणे. दात पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका, माती असेल तर हलकेच धुवा, जागच्या जागी बसवा, रुमाल चावायला द्या आणि दवाखाना गाठा. बसवायचं धाडस होत नसेल तर दात दुधात टाका. हे वाचून कोल्हापूरकराची छाती फुगणारच! फक्त आमच्या गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरचं धारोष्ण नको, थंड दूध घ्या. पण या सूचना मैदानावर पोचल्या का? माझ्या तरी कानावर निवृत्तीनंतर आल्या.

दोन वर्षांचं पोर उंबऱ्याला अडखळून पडतं, त्याची गोष्ट वेगळी. दुधाचा दात निखळला तर तो परत बसवायचा नाही. वर पक्क्या दाताचा अंकुर असतो, त्याला इजा होते. पण "दुधाचाच तर होता" म्हणणाऱ्या आज्यांनाही माझी हात जोडून विनंती, पोराला दाखवून आणा. त्या माराचा डाग कधीकधी सातव्या वर्षी, नव्या दातावर उगवतो.

दोन दिवसांत तुमची चर्चा कितीही बारकाईची होवो, जाण्याआधी शाळेच्या भिंतीवर लावता येईल असा एक मराठी तक्ता आम्हाला करून द्या. दहा ओळी पुरेत. मजकूर सोपा आहे का, ते मागच्या ओळीतल्या बाईंना विचारा.

जेवणाची सोय मागच्या मांडवात आहे. संध्याकाळी सहाला गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध प्यायला जायचं आहे. तिथे मात्र धारोष्णच मिळेल.