सक्युलंटना कुठलं ऊन द्यावं?



कुंडीतल्या सक्युलंटविषयी, म्हणजे मांसल पानांच्या, पाणी साठवून ठेवणाऱ्या झाडांविषयी मला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा : ‘ही वाळवंटातली झाडं, मग भर उन्हात ठेवली तरी का करपतात?’ आणि लगेच दुसरा : ‘सावलीत ठेवली तर लांबुळकी होऊन का कोलमडतात?’ दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. किती तास ऊन द्यायचं, एवढंच आपण पाहतो. ते ऊन दिवसाच्या कुठल्या वेळचं, कुठल्या महिन्यातलं आणि कुठल्या झाडासाठी, हेही पाहायला हवं.

पुष्कळ पुस्तकांत आणि रोपाच्या चिठ्ठीवर ‘पूर्ण ऊन’ असा सल्ला असतो. तो बहुधा थंड देशांतल्या बागांचा असतो. लंडनमध्ये ऐन जूनमध्येसुद्धा दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण ६२ अंशांपर्यंतच चढतो. आपल्या पुण्यात डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशीही तो ४८ अंशांवर असतो आणि मेच्या मध्याला थेट डोक्यावर येतो. तिथलं ‘पूर्ण ऊन’ आणि आपल्या गच्चीवरचं वैशाखातलं ऊन या वेगळ्याच गोष्टी आहेत. म्हणून तो सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा घेऊ नका.

या झाडांची एक खासियत समजून घेऊ. बहुतेक झाडं दिवसा पानांची सूक्ष्म रंध्रं उघडतात. त्यातून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि पान गार राहतं. पाणी वाचवण्यासाठी बहुतेक सक्युलंट मात्र दिवसा रंध्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात आणि दिवसा उजेड मिळाला की त्याचं अन्न करतात. यात पाणी वाचतं, पण दुपारी पान गार ठेवण्याची सोय राहत नाही. हवा तापलेली, मागची भिंत तापलेली आणि वर थेट ऊन, असं झालं की पान भाजतं.

आता कुठल्या झाडाला किती ऊन? सोयीसाठी तीन गट करू.

पहिला गट भरपूर ऊन मागणाऱ्यांचा : अडेनियम, गोल्डन बॅरलसारखे काटेरी कॅक्टस, फड्या निवडुंग, घायपात आणि लाल-गुलाबी फुलांची काटेरी युफोर्बिया. यांना रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. अडेनियमला फुलं येत नसतील, तर खत घालण्याआधी त्याला ऊन पुरेसं मिळतंय का, ते बघा.

दुसरा गट सकाळच्या उन्हाचा : एचेव्हेरिया, जेड, कलांचो, सेडम आणि आपली कोरफड. यांना सकाळचं तीन-चार तास ऊन आणि नंतर उजेडाची सावली मानवते. एचेव्हेरिया मुळात प्रामुख्याने मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, गार रात्रींची सवय असलेली. मुंबई-कोकणात उन्हाळ्याच्या रात्रीही उकडतं, तेव्हा तिला दुपारच्या उन्हापासून जपायलाच हवं. तिच्या पानांवरची पांढरी भुकटी म्हणजे धूळ नव्हे. तो उन्हापासून वाचवणारा मेणाचा थर आहे. तो पुसू नका.

तिसरा गट सावलीतल्यांचा : हॉवर्थिया, गॅस्टेरिया आणि सॅन्सेव्हेरिया, म्हणजे स्नेक प्लांट. हॉवर्थिया आणि गॅस्टेरिया दक्षिण आफ्रिकेत झुडपांच्या आडोशाला, खडकांच्या कपारीत वाढतात. त्यांना कोवळं ऊन तासभर मिळालं तरी भागतं. मात्र सावली म्हणजे अंधार नव्हे. जिथे दिवसा दिवा न लावता आरामात वर्तमानपत्र वाचता येतं, ती सावली चालेल.

आता बाल्कनीची दिशा. पूर्वेची बाल्कनी सर्वांत उत्तम. पश्चिमेला दुपारनंतरचं तापलेलं ऊन येतं, तिथे पहिल्या गटातली झाडं ठेवा आणि उन्हाळ्यात त्यांनाही आडोसा करा. दक्षिणेच्या बाल्कनीत थंडीत ऊन पार आतपर्यंत येतं. पण मे-जूनमध्ये सूर्य डोक्यावर, किंबहुना थोडा उत्तरेकडे असतो, त्यामुळे वरच्या स्लॅबची सावली पडते. त्याच दिवसांत उत्तरेच्या बाल्कनीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. म्हणून कुंड्यांची जागा वर्षभर एकच ठेवू नका.

वर्षाचं वेळापत्रक असं ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन सौम्य असतं, तेव्हा पहिल्या दोन्ही गटांना मोकळं ऊन द्या. मार्चपासून पाऊस येईपर्यंत सकाळी अकरा ते दुपारी चार सावली करा. त्यासाठी पन्नास टक्के सावलीची शेडनेट पुरते. पंचाहत्तर टक्क्यांची जाळी या झाडांना फार अंधार करते. विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळीसच्या वर जातो, तिथे कॅक्टसनाही पन्नास टक्क्यांची जाळी हवी. गच्चीच्या तापलेल्या फरशीवर कुंडी थेट ठेवू नका, खाली विटा किंवा लाकडी फळी द्या. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळं उकडतात. मातीची कुंडी केव्हाही बरी.

पावसाळ्यात पुष्कळजण कुंड्या उचलून घरातल्या कोपऱ्यात नेतात. पाण्यापासून झाड वाचतं, पण उजेड तुटतो. त्याऐवजी पारदर्शक पत्र्याखाली ठेवा. उन्हाळ्यासाठी बांधलेली शेडनेट मात्र पहिल्या पावसाबरोबर सोडा, कारण ढगांमुळे उजेड आधीच कमी झालेला असतो. सावलीत माती उशिरा वाळते, म्हणून तिथे पाणीही कमी घाला. सावली आणि ओली माती एकत्र आली की मुळं कुजतात.

सर्वांत फसवा महिना ऑक्टोबरचा. तीन-चार महिने ढगाळ हवेत राहिलेली पानं कोवळी झालेली असतात आणि एकाएकी आकाश मोकळं होतं. मेमध्ये टिकलेली झाडं ऑक्टोबरमध्ये भाजतात ती यामुळेच. नर्सरीतून आणलेल्या रोपांचंही तेच. ती जाळीखाली वाढलेली असतात. सुरुवातीला रोज कोवळं ऊन तासभर, मग दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं वाढवत दोन आठवड्यांत ठरलेल्या जागेवर न्या.

शेवटी, पानांकडे बघून काय ओळखायचं ते सांगतो. खोड लांबतंय, दोन पानांत अंतर पडतंय, रंग फिकट होतोय, झाड एका बाजूला झुकतंय, तर उजेड कमी आहे. जागा बदला आणि दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवा. लांबलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही, म्हणून शेंडा छाटून, दोन-चार दिवस काप वाळू देऊन नव्या मातीत लावा. पानांच्या कडा लालसर झाल्या, तर घाबरू नका. अनेक जातींत भरपूर उन्हाने असा रंग येतो. पण पांढुरके किंवा तपकिरी, कोरडे चट्टे उठले, तर पान भाजलंय. ते डाग भरून येत नाहीत, मात्र झाड सावलीत घेतलं तर नवी पानं निरोगी येतात. पान पिवळं, मऊ आणि पाणीदार झालं, तर बहुतेक वेळा दोष जास्तीच्या पाण्याचा असतो. तेव्हा ऊन वाढवून उपयोग नाही, पाणी थांबवा.

येत्या रविवारी एक काम करा. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला आपल्या गच्चीवर किंवा बाल्कनीत ऊन कुठे पडतं, ते वहीत नोंदवा. दोन-दोन महिन्यांनी पुन्हा तसंच करा. वर्षभरात आपल्या घराच्या उन्हाचा नकाशा तयार होईल आणि कुठली कुंडी कुठे ठेवायची, ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.